मीटरमागचे सात दिवे

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार आधी, तक्रार नंतर. आईच्या गाडीचा डॅशबोर्ड परवा पार आंधळा झाला. गेल्या वर्षी पेट्रोलच्या काट्यामागचा दिवा गेला, तेव्हा मी म्हटलं जाऊ दे, पेट्रोल काय दिवसाही बघता येतं. मग स्पीडच्या काट्याची एक बाजू गेली. परवा मी रंगाच्या कारखान्यातून निघाले तर सहालाच अंधारून आलेलं. दिवे लावले, रस्ता लख्ख उजळला आणि माझ्या पुढ्यात मात्र काळी पाटी. किती वेगाने चाललेय ते कळेना. शेवटी एका ट्रकच्या मागे लागले, तो जाईल तशी गेले आणि कसंबसं घर गाठलं.

दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "जुने बल्ब कशाला शोधताय मॅडम, एलईडी टाका. निळे टाका. सगळे निळेच नेतात, विमानात बसल्यासारखं वाटतं." त्याने एक पेटवून दाखवला. डोळ्यांत सुई गेली म्हण ना. मी दिवसभर शेड जुळवण्याच्या खोलीत बसून रंगांशी डोळेफोड करते, घरी येताना पुन्हा ती सुई कशाला? तशीच परत आले.

आई म्हणाली, "दादाला विचार, तीस वर्षं त्याने गाड्यांच्या वायरी ओढल्यात." फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर "हां, हां" करून ठेवतोस, म्हणून हे पत्र. कुठले दिवे घेऊ, कुठला रंग, आणि मला एकटीला बसवता येतील का, एवढं कळव. दिवसा गाडी आई चालवते, संध्याकाळी मी. दोघींना दिसलं पाहिजे.

तुझी,
ठिणगी

(दादा, गुडघे कसे आहेत? दुकान बंद केलंस तरी जिना चढतोसच ना रोज? तेल लावत जा. हिला ते निळं काही देऊ नकोस. तुझी धाकटी.)


११ नोव्हेंबर

ठिणगे,

मोठ्या अक्षरात लिहितोय, कारण बारीक पेन गळतं. चार ओळींत पान भरतं त्याला माझा इलाज नाही.

निळा घेतला नाहीस हे बरं केलंस. निळा दिवा फक्त विकत घेताना छान दिसतो. मीटरमागे उजेड असा हवा की काटा दिसावा आणि दिवा दिसू नये. तुला दुधी पांढरा लागेल, किंचित पिवळसर. दुकान बंद केलं तेव्हा डबाभर एलईडी उरले होते, सुटे, चिठ्ठ्या गळून पडलेले. त्यातले एकेक बॅटरीला लावून, पाहून, तुझ्यासाठी सात निवडलेत. सोबतच्या पाकिटात आहेत. सातही एका जातीचे.

बसवायचं कसं ते ऐक. आधी बॅटरीची वायर सोडव, हे विसरलीस तर मला मामा म्हणू नकोस. मग मीटरचा डबा पुढे ओढ. हळू. त्याच्या पाठीला एक केबल असते, ती चिमटीत धरून ओढली की सुटते. मागे प्लॅस्टिकचे बल्बहोल्डर दिसतील. पाव फेरा फिरवला की बाहेर येतात. एलईडीला उलटसुलट असतं, पेटला नाही तर तो मेला असं समजू नकोस, काढून फिरवून बसव. आणि प्रत्येकाचं डोकं पॉलिश पेपरवर चार वेळा घास. नाहीतर मीटरवर एकाच जागी झगझगाट आणि बाजूला अंधार असं होतं. घासलं की उजेड पसरतो.

एक गोष्ट लक्षात ठेव. बॅटरीचं चित्र असलेला जो तांबडा इशारा आहे, त्याच्या मागचा बल्ब काढायचा नाही. त्याला हातही लावू नकोस.

गुडघे ठीक आहेत म्हणून तुझ्या आईला सांग.

मामा


२० नोव्हेंबर

प्रिय मामा,

बसवले! रविवारी दुपारी, अंगणात. बॅटरीची वायर सोडवली, म्हणजे तू अजून मामा आहेस. पहिल्या फेरीत सातातले तीनच पेटले. आई म्हणाली, "दादाने मेलेले पाठवले." मी चार फिरवून बसवले आणि सगळे उठून बसले.

दुपारी उजेडात काय दिसणार? म्हणून आईने दोन जाड पांघरुणं आणून काचांवर टाकली. आत मिट्ट काळोख. मी चावी फिरवली आणि मामा, काय सांगू. बावीस वर्षांची गाडी, तिच्या त्या धुळकट काचेमागून आकडे असे वर आले, जसे पाण्याखालून मासे येतात. काट्याची सावलीसुद्धा दिसत होती. मी किती वेळ हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिले. एवढासा दाणा, तांदळाएवढा, आणि त्यात हे!

पण एक सांगते, रागावू नकोस. सात दिवे एका जातीचे नाहीत. स्पीडचा काटा चांदण्यासारखा निळसर पांढरा आहे आणि पेट्रोलचा साजूक तुपासारखा. मधले दोन धड हे नाहीत धड ते नाहीत. आई म्हणते, तू मुद्दाम गंमत केलीस. केलीस का? दुसऱ्या कुणाला पाठवले असतेस तर चाललं असतं, पण शेड जुळवणाऱ्या भाचीला असं पाकीट पाठवायचं म्हणजे जरा हद्द झाली.

आणि तो तांबडा बल्ब का नाही काढायचा? नुसतं "हात लावू नकोस" म्हटलं की हात शिवशिवतो.

ठिणगी


२७ नोव्हेंबर

ठिणगे,

दिवे एकाच जातीचे आहेत. मी स्वतः पाहून दिलेत. एकेक पेटवून, दोनदा. तुझ्या मीटरच्या काचेला मागून डाग पडले असतील, नाहीतर व्होल्टेज कमीजास्त असेल. आपला दोष माणसाने आधी आपल्या घरात शोधावा.

तांबड्या बल्बाचं सांगतो, कारण हे सांगायला मला अजून आवडतं. इंजिनाबरोबर अल्टरनेटर फिरतो आणि गाडीची वीज तयार करतो, हे तुला माहीत आहे. पण तो नुसता फिरला म्हणून वीज होत नाही. त्याला आधी कुणीतरी जागं करावं लागतं, आणि ते काम हा बल्ब करतो. चावी फिरवलीस की बॅटरीतून चिमूटभर करंट या बल्बातून अल्टरनेटरच्या पोटात जातो. तेवढ्याने तो जागा होतो आणि मग सगळी गाडी स्वतः पोसतो. एलईडी फार कमी करंट पुढे सोडतो. तिथे एलईडी लावलास तर अल्टरनेटर झोपूनच राहील, गाडी बॅटरीवर चालेल आणि बॅटरी संपली की रस्त्यात उभी राहील. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा उस्तादाने मला तो बल्ब तळहातावर ठेवून दाखवला होता. भुईमुगाच्या दाण्याएवढा. दिवसभर मी दुसरं काही काम केलं नाही, त्याच्याकडेच बघत होतो.

बाकी तुला वाटलं तर दुकानातून दुसरे आण. माझ्या डब्यात याहून चांगले नाहीत.

मामा


६ डिसेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. आईला दाखवलेलं नाही.

तुझं मागचं पत्र वाचून आधी मला वाईट वाटलं. मग भीती वाटली की तुला आता आठवेनासं होतंय की काय. पण ती तांबड्या बल्बाची गोष्ट ज्याला अशी सांगता येते, त्याचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. मग चुकलं कुठे?

आमच्या कारखान्यात वार्निशच्या काचा आहेत. काचेवर वार्निश लावून ती वर्षानुवर्षं उन्हात ठेवतात, किती पिवळी पडते ते बघायला. आठ वर्षं जुनी एक काच आहे, चहासारखी झालेली. परवा ती हातात आली आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी साहेबांना विचारून ती घरी आणली. गाडीवर पुन्हा पांघरुणं टाकली, दिवे लावले आणि ती काच डोळ्यांपुढे धरली.

मामा, सातही दिवे सारखे झाले.

चांदणं गेलं, तूप गेलं, सगळं एकच. दुधी, किंचित पिवळसर. अगदी तू लिहिलंस तसं. काच खाली घेतली की वेगळे, वर धरली की एक. मी वर-खाली, वर-खाली करत राहिले. मला वाटलं, मी तुझ्या डोळ्यांच्या आत जाऊन बसलेय आणि तिथून बाहेर बघतेय.

तू खोटं बोलला नाहीस. तू खरंच सात सारखे दिवे निवडलेस. पण तुझ्या डोळ्यांत ती काच बसली आहे. आमच्याकडे पन्नाशीनंतर दरवर्षी डोळे तपासतात, कारण डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं. निळा आधी जातो. मोतीबिंदू म्हणतात त्यालाच. तू मोठ्या अक्षरात लिहितोस ते पेन गळतं म्हणून नाही.

रागाव, पण उत्तर लिही.

तुझी ठिणगी


२३ डिसेंबर

मामा,

सतरा दिवस झाले. आई रोज विचारते, दादाचं पत्र का नाही. मी काय सांगू? एक रिकामं पाकीट तरी टाक.

ठि.


१ जानेवारी

ठिणगे,

तुझं पत्र मी वाचलं नाही. ऐकलं. गेलं वर्षभर तुमची पत्रं खालच्या शिंपीणबाई मला वाचून दाखवतात. तुझं पत्र त्या मोठ्याने वाचत होत्या, हसत होत्या मध्येमध्ये. "सातही दिवे सारखे झाले" इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढचं मनातल्या मनात वाचलं. मी म्हटलं, "वाचा ना." तर म्हणाल्या, "काका, हे तुम्ही एकट्याने ऐकायचं आहे, पण एकट्याने कसं ऐकणार?" मग वाचलं. त्या चहा ठेवायला उठल्या, तो उतू गेला.

आता तुला खरं सांगतो. गुडघ्यांना काही झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याची गाडी माझ्याकडे आली होती. तपकिरी वायर आणि तांबडी वायर. मी तांबडी समजून तपकिरी जोडली. त्याने चावी फिरवली आणि डॅशबोर्डमधून धूर आला. तो उडी मारून बाहेर पडला. त्याची लेक मागच्या सीटवर होती, तिला त्याने ओढून काढलं. कुणाला काही झालं नाही. वायरिंग मी नवं घालून दिलं, तो "होतं कधीकधी" म्हणाला. पुढच्या आठवड्यात मी शटर ओढलं आणि गुडघ्यांचं नाव सांगितलं.

डॉक्टरकडे का गेलो नाही? आयुष्यभर वायरी जोडताना सोल्डरिंगच्या धुरात बघितलंय. मला वाटलं, डोळे जळून गेलेत. गेलो असतो तर त्याने तसं सांगितलं असतं, आणि सांगितलं की ते खरं झालं असतं. विचारलं नाही तोवर मी नुसता म्हातारा होतो. विचारल्यावर आंधळा झालो असतो.

तू भिंग म्हणालीस. जळालेलं नाही, पिवळं पडलेलं. हे कुणी बोललंच नव्हतं. भिंग बदलतात ना?

मामा


७ जानेवारी

मामा,

बदलतात! शनिवारी आम्ही दोघी येतोय. आईला सगळं सांगितलं. ती आधी तुझ्यावर चिडली, मग माझ्यावर, मग दुकानदारावर, कारण त्याने निळे दाखवले नसते तर ते पहिलं पत्रच लिहिलं गेलं नसतं, असं तिचं म्हणणं. आता भिंतीकडे तोंड करून पिशवी भरतेय. ऑपरेशन झाल्यावर ती तुझ्याकडे राहील.

शिंपीणबाई, हे तुम्ही वाचत असाल तर तुम्हाला माझा नमस्कार. आणि चहाबद्दल माफी.

ठिणगी


२ फेब्रुवारी

ठिणगे,

हे मी लिहितोय आणि मीच वाचतोय. उजव्या डोळ्याचं झालं. तू कामाला परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.

काय सांगू तुला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि मी म्हटलं, "अहो, दिवे केवढे लावलेत?" त्या म्हणाल्या, "दिवा बंद आहे. ही खिडकी आहे." मी वळून पाहिलं. खिडकीतून नुसतं ऊन येत होतं. साधं सकाळचं ऊन. ते असं असतं हे मी साफ विसरलो होतो. भिंत पांढरी होती, आणि त्या पांढऱ्यात निळं होतं! पांढऱ्याच्या आत निळं असतं, ठिणगे. तू रोज तेच काम करतेस, तुला त्याचं काय. मी सत्तराव्या वर्षी शोध लावला.

तुझी आई दारात उभी होती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, "काय रे दादा, ओळखलं नाहीस?" ओळखलं. पण तिच्या तोंडावर एवढ्या बारीक रेघा कधी आल्या? हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण आहे, तीसुद्धा दिसली. तिला म्हटलं, "तू म्हातारी झालीस." तर म्हणाली, "तू झालास तेव्हा मी काही बोलले का?"

आणि एक अजब आहे. डावा डोळा अजून जुनाच आहे. उजवा मिटला की जग चहात बुडतं, डावा मिटला की धुऊन निघतं. दिवसभर मी हाच खेळ करतोय. शिंपीणबाई म्हणतात, काका सगळ्यांना डोळा मारत सुटलेत.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. त्याआधी मला तुझ्याकडे यायचंय. माझ्याकडे सध्या दोन वयांचे डोळे आहेत, हे फार दिवस टिकणार नाही. तुझे दिवे मी आत्ताच निवडू शकतो.

मामा


२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू गेल्यापासून घर सुनं वाटतंय आणि अंगणातली पांघरुणं आईने अजून घडी केलेली नाहीत. म्हणते, "असू दे, दादा बसला होता त्यात."

तो दिवस मी विसरणार नाही. भर दुपारी, पांघरुणाखाली, गाडीत आपण तिघं. तू पुढे, डबा मांडीवर. एकेक दिवा लावायचास, आधी एक डोळा मिटायचास, मग दुसरा. निळा लावलास आणि डाव्या डोळ्याने बघून म्हणालास, "आकडे गेले. काहीच नाही. तुझ्या आईला पंधरा वर्षांनी हे असं दिसेल." मागच्या सीटवरून आई पुढे वाकली. तांबडा मी सुचवला, तो दोन्ही डोळ्यांना दिसत होता, तरी तू नाही म्हणालास. "तांबडा धोक्यासाठी राखून ठेवायचा. सगळंच तांबडं केलं तर घाबरायचं कशाला ते कसं कळणार?" मग तो तुपाळ. उजव्या डोळ्याला शांत, डाव्याला स्वच्छ. तू तो दोनदा, तीनदा, दहादा पाहिलास. मला वाटलं, आपण दिव्याची निवड करत नाही आहोत, तू आम्हाला आमची पुढची वर्षं दाखवतो आहेस. आता आम्हाला कसं दिसतं आणि मग कसं दिसेल, दोन्हींच्या मधोमध तू बसला होतास.

सातही दिवे आता तुपाचे आहेत. मी डबल तपासलेत, काचेतून आणि काचेविना.

काल संध्याकाळी पहिल्यांदा आईला शेजारी बसवून घेऊन गेले. दिवे लावले. मीटर हळूच उजळला, जणू कुणी खोलीत पाय न वाजवता आलं. आईने वाकून पाहिलं आणि ओरडली, "अगं, पंच्याऐंशी? रोज अशी चालवतेस?" आजवर संध्याकाळी ती माझ्याबरोबर कधी आलीच नव्हती, तिला कळणार कुठून? आता दर वळणावर मला आकडा वाचून दाखवते. हे तुझे उपकार मी कसे फेडू?

दुसऱ्या डोळ्याची तारीख कळव.

ठिणगी


२९ मार्च

ठिणगे,

परवा डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. आता दोन्हीकडे सारखंच ऊन आहे. तो डोळा मारायचा खेळ संपला. खरं सांगू, थोडी चुटपुट लागली. त्या पिवळ्या उजेडात मी बरीच वर्षं काढली होती आणि तो असा एका सकाळी उचलून नेला.

घरी आलो. खोलीत एका डोळ्याने पाहिलेलं सगळं पुन्हा नवीनच. पलंगाची चादर, दाराचा रंग, माझे हात. हातांवर किती डाग पडलेत! सोल्डरचे जुने चटके एकेक मोजता येतात. बसून मोजले. एकतीस.

मग कपाट उघडलं. थंडी संपलीच आहे, गरम कपडे वर टाकावे म्हणून. त्यात तळाशी तुझ्या मामीने विणलेला स्वेटर आहे, तिच्या शेवटच्या हिवाळ्यातला. तिने तो दिला तेव्हा आमचा वाद झाला होता. ती म्हणाली, "निळी लोकर मुद्दाम शोधून आणली, तुम्हाला शोभते." मी म्हटलं, "हा हिरवा आहे." ती म्हणाली निळा, मी म्हटलं हिरवा, अगदी शेवाळी. मी तिला म्हटलं, तुला दुकानदाराने फसवलं. ती खिडकीपाशी घेऊन गेली, उजेडात धरला, मला म्हणाली, "आता बघा नीट." मी नीट पाहिला आणि हिरवाच म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं, हिरवा." पुन्हा कधी त्यावरून बोलली नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

काल मी तो त्याच खिडकीपाशी नेला.

निळा आहे, ठिणगे. एकेक टाका दिसतो. बाहीपाशी एका जागी तिचा टाका सुटलाय आणि तिने तो परत उचललाय, तेसुद्धा दिसतं.

उन्हाळा तोंडावर आलाय, आणि मी तो घालून बसलोय. घाम येतोय. शिंपीणबाई वर आल्या, म्हणाल्या, "काका, हा कुठला काढलात? छान निळा आहे." मी म्हटलं, "हो. निळाच आहे."

मामा